जुळ्यांची गर्भजल तपासणी सोलापुरात: सुईआधी नकाशा पाहा

गर्भजल तपासणी म्हणजे पोटातून सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढायचं आणि त्यातल्या पेशींवरून बाळाची गुणसूत्रं तपासायची. ती करणाऱ्या, शहरातल्या एका फीटल मेडिसिन (पोटातल्या बाळाच्या तपासण्या-उपचारांच्या) सेंटरबद्दल हे लिहितोय; नाव मुद्दाम देत नाही. जुळं असलं की घरचे पहिलं विचारतात, सुईनं बाळ जाईल का? आमच्या मते त्याआधीचा प्रश्न वेगळा: कुठलं पाणी कुठल्या बाळाचं, हे महिन्यानंतरही सांगता येईल का?

या बाबतीत सेंटर चोख आहे. 11 ते 14 आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार एक की दोन, हे ठरवून लिहितात. दोन बाळांमधल्या पडद्याच्या बुडाशी त्रिकोणी जाडी दिसली तर लॅम्डा खूण, म्हणजे प्रत्येकाची वार वेगळी. पडदा काटकोनात टेकला तर टी खूण, म्हणजे वार सामाईक. ही खूण पुढे पुसट होते. अक्कलकोट-इंडीहून अठराव्या आठवड्यात येणाऱ्यांनी जुनी फिल्म घरी ठेवून येऊ नये.

मग हातानं काढलेला नकाशा: कोणतं बाळ खाली, कोणतं वर, वार पुढे की मागे, नाळ कुठे जोडलीय. परदेशात लिंगही ओळखखूण म्हणून नोंदतात. आपल्याकडे पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदी) कायद्यामुळे ते चालत नाही, म्हणून चित्र जास्तच नेमकं लागतं. एकाच बाळात डाउन सिंड्रोम निघाला आणि चित्र नसेल, तर पुन्हा टोचण्याची पाळी येते.

तपासणी 15 आठवडे पूर्ण झाल्यावर. सुई बारीक, टोक सतत सोनोग्राफीच्या स्क्रीनवर. वार वेगळी असेल तर दोन्ही पिशव्यांत स्वतंत्र टोचणी. एकाच टोचणीत मधला पडदा भेदून पलीकडे जाता येतं, पण मग पहिल्याचं पाणी दुसऱ्याच्या नमुन्यात मिसळू शकतं. सुरुवातीचे एक-दोन मिली आईच्या पेशींच्या भीतीनं टाकून देतात, मग प्रत्येकी 15 ते 20 मिली. सिरिंजवर ए किंवा बी तिथल्या तिथे लिहितात. पिशव्या ओळखायला निळा रंग सोडत नाहीत, हे बरंच. मिथिलीन ब्लूनं बाळाच्या आतड्यात जन्मजात अडथळा झाल्याच्या नोंदी आहेत.

समुपदेशन मात्र कच्चं. गर्भ जाण्याच्या धोक्याचा एकेरी गर्भाचा आकडा जुळ्यांना सांगून मोकळे होतात. जुन्या एकत्रित आकडेवारीत जुळ्यांमध्ये गर्भजल तपासणीनंतर गर्भ जाण्याचं प्रमाण 3.1 टक्के होतं, त्याऐवजी तपासणीसाठी वारेचा तुकडा घेतल्यावर 3.8. त्यात सुई न लागताही जाणारी जुळी धरलेली होती. अलीकडे सुई न लागलेल्या जुळ्यांशी ताडून पाहिल्यावर सुईचा स्वतःचा वाटा खूप कमी दिसतो. एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात.

दुसरी तक्रार फॉर्म जीची, म्हणजे याच कायद्याखालच्या संमतीपत्राची. संमती बाईला कळणाऱ्या भाषेत हवी आणि प्रत तिच्या हातात पडायला हवी. सोलापुरात तेलुगू-कन्नड घरं किती, हे काय सांगायचं! तरी फॉर्म मराठी-इंग्रजीतच.

आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन (तिच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून) 72 तासांच्या आत, हे ते स्वतःहून विचारतात. घरी गेल्यावर अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, ताप आला, तर त्याच दिवशी दाखवायचं.

नमुने पुण्याला जातात. क्यूएफ-पीसीआरचं (नेहमीच्या मोजक्या गुणसूत्रांची झटपट तपासणी) उत्तर दोन-तीन दिवसांत, पेशी वाढवून केलेल्या कॅरियोटाइपचं (सगळ्या गुणसूत्रांची तपासणी) दोन ते तीन आठवड्यांत. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात नमुन्यांचा डबा गाडीच्या डिकीत तापला तर पेशी वाढतच नाहीत. बर्फात गोठवल्या तरी तेच. शनिवारची वेळ देत असतील तर नमुना रविवारी कुठे ठेवणार ते विचारा, नाहीतर सरळ सोमवार मागून घ्या.