स्कूलची गाडी की मामाची?

लर्निंग लायसन्स मिळाल्यावर पक्क्या लायसन्सच्या टेस्टला निदान ३० दिवस थांबावं लागतं. लर्निंगची मुदत सहा महिने. या मधल्या काळात हात कुठल्या गाडीवर बसवायचा, ड्रायव्हिंग स्कूलच्या की मामाच्या, हा प्रश्न माझ्या मावसबहिणीला पडलाय. तिला मी आधी उलट विचारलं, टेस्ट कुठल्या गाडीत देणार? बहुतेक ठिकाणी गाडी आपणच न्यायची असते, आणि उत्तर तिथूनच निघतं.

स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक-क्लच असतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात जीव भांड्यात राहतो. पण खोटही तीच. चढावर गाडी एकदाही मागे येत नाही, या आनंदात मी तीन आठवडे होते. मग मामाच्या गाडीतून पुण्यातल्या चांदणी चौकाचा चढ चढताना गाडी मागच्या रिक्षाकडे सरकली आणि कळलं, इतके दिवस हाफ क्लच, म्हणजे अर्धा दाबलेला क्लच, सरच धरत होते!

रिव्हर्सचंही तसंच. "मागच्या काचेत खांब दिसला की स्टिअरिंग पूर्ण फिरव," असं स्कूलमध्ये शिकवतात. त्याच गाडीत टेस्ट असेल तर ही खूण उपयोगी. मामाच्या गाडीत तो खांब भलतीकडेच दिसतो. घरच्या गाडीत आरसे बघून रिव्हर्स शिकायला वेळ लागतो, पण शिकलेलं कुठल्याही गाडीत चालतं.

फी भरण्याआधी एक विचारा: स्टिअरिंग माझ्या हातात किती वेळ? नियमाप्रमाणे कारसाठी निदान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे १० तास हवेत. एका गाडीत तिघांना बसवून फेरी मारली, तर तुमचा अर्धा तास दहा मिनिटांचा होतो.

मामाची गाडी फुकट, पण शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवाच, तोही वेळ पडली तर गाडी थांबवू शकेल असा बसलेला. पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल'. यात कसूर झाली आणि कुठे ठोकली, तर विम्याचा दावाही अडकू शकतो. शिवाय "अगं ब्रेक, ब्रेक!" ऐकायची तयारी ठेवा. माझा मामा सिग्नल हिरवा असतानाही ओरडायचा.

तिसरी वाट २०२१च्या नियमांनी उघडली: मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्र. कारसाठी २९ तास, त्यातले २१ प्रत्यक्ष चालवण्याचे. तिथली परीक्षा पास झालात तर आरटीओची टेस्ट माफ. जवळ असेल तर जरूर बघा.

बहिणीला मी सांगितलं ते असं: गिअरलाच हात लावला नसेल तर आधी स्कूल, मग लगेच मामा. स्कूटर चालवून रस्त्याची भीती गेली असेल आणि मामा शांत असेल, तर स्कूलची फी वाचव. शेवटचे दोन दिवस मात्र टेस्टच्याच गाडीत सराव कर, शेजारच्याला गप्प बसायला सांगून. टेस्टला इन्स्पेक्टर "क्लच दाब" म्हणत नाहीत. नापास झालीस तर पुढची टेस्ट सात दिवसांनंतरच.