वर्गातला व्हिडिओ कॉल: एका शैक्षणिक वर्षाच्या वापरानंतरचा अनुभव

ठाण्यातील वर्तकनगर परिसरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी सहावीची वर्गशिक्षिका आहे. गेल्या जूनपासून आम्ही व्हिडिओ कॉल तीन कामांसाठी नियमित वापरला: शहापूर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेबरोबर दर आठवड्याला होणारा जोडतास, पालकांच्या भेटी आणि परीक्षेपूर्वी संध्याकाळी घेतलेल्या शंकानिरसनाच्या तासिका. २०२० च्या टाळेबंदीतील ऑनलाइन शाळेशी याची तुलना करण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा दुसरा पर्यायच नव्हता. आता मुले रोज समोर बसलेली असतात, त्यामुळे कॉल नेमका कशासाठी लावायचा हे ठरवावे लागते. वर्षभरानंतर माझे मत असे झाले आहे की, जो माणूस एरवी आपल्या वर्गात येऊच शकत नाही त्याच्यासाठी तो लावावा. आपण रोज शिकवतो तेच शिकवण्यासाठी लावू नये.

खर्च करायचा असेल तर तो आधी आवाजावर करावा. चित्र अडखळले तरी मुले सांभाळून घेतात, पण आवाज तुटला की दोन मिनिटांत वर्ग हातचा जातो. लॅपटॉपच्या आतला मायक्रोफोन फक्त पहिल्या बाकाचे ऐकतो आणि डोक्यावरचे दोन पंखे मात्र पलीकडे व्यवस्थित पोहोचवतो. आम्ही यूएसबीला जोडायचा, मेजावर ठेवण्याचा एक मायक्रोफोन घेतला आणि बोलणाऱ्याने त्याच्याजवळ यायचे असा नियम केला. एका खोलीत एकाहून अधिक उपकरणांचे मायक्रोफोन व स्पीकर चालू ठेवायचे नाहीत, नाहीतर आवाज घुमून कानठळ्या बसतात. फळ्यावर लिहिताना पडद्यावर स्वतःची अक्षरे उलटी दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. आरशासारखे ते चित्र फक्त आपल्यापुरते असते, समोरच्यांना ती सरळच दिसतात. सामूहिक कविता म्हणण्याचा बेत मात्र सोडूनच द्यावा. गोंगाट कमी करण्याची जी सोय अशा अ‍ॅपमध्ये असते, तिला तीस मुलांचा एकत्रित आवाज आणि गोंगाट यांतला फरक नीट कळत नाही. दोन्ही वर्गांनी एकदम म्हणायचे ठरवले तर आवाज पोहोचायला लागणाऱ्या वेळामुळे ताल कधीच जुळत नाही.

हा विलंब साध्या संवादातही आडवा येतो. एका बाजूचा आवाज दुसरीकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला तर बोलणे सहज वाटते, असा दूरसंचार क्षेत्रातला जुना निकष आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तो बऱ्याचदा पाळला जात नाही. मग दोघेही थांबतात, दोघेही एकदम बोलतात आणि दोघेही ‘तू बोल, तू बोल’ करत राहतात. मुलांनी यावर स्वतःच तोड काढली: आधी ज्याला विचारायचे त्याचे नाव घ्यायचे, मग प्रश्न, आणि शेवटी ‘झालं’ म्हणायचे. मोठ्यांच्या बैठकांतही ही पद्धत आणायला हरकत नाही.

जोडतास हा या सगळ्यातला सर्वांत मोलाचा भाग ठरला, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. शहापूरची ती शाळा आमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, भातसा धरणाच्या परिसरात आहे. मुंबईला सर्वाधिक पाणी हे धरण देते आणि ठाण्याच्या वाट्याचेही बरेचसे पाणी भातसा नदीतूनच उचलले जाते. मार्च महिन्यात ‘पाणी’ हा विषय घेऊन आमच्या मुलांनी प्रश्न लिहून नेले होते. पहिलाच प्रश्न होता, ‘तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?’ पलीकडून एक मुलगी मायक्रोफोनजवळ येऊन म्हणाली, ‘आमच्याकडं येत नाय, आणावं लागतं. झालं.’ धरणाशेजारी राहून पाणी कसे नाही, हे आमच्या मुलांना पटेना. तेव्हा त्या शाळेच्या गुरुजींनी फोन उचलून खिडकीशी नेला आणि आवारातली रिकामी टाकी दाखवली. मग मुलांनी आपणहून हिशेब मांडायला सुरुवात केली: हंड्यात किती लिटर मावते, विहिरीपर्यंत चालायला किती वेळ लागतो, घरात माणसे किती, म्हणजे दिवसाला किती खेपा. शहापूरच्या मुलांनी उलट विचारले की, तुमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर पाणी चढते कसे? आमच्या वर्गात याचे उत्तर कोणालाच नीट देता आले नाही, आणि पुढच्या आठवड्यात तीन मुले आपापल्या सोसायटीच्या पंपाची माहिती लिहून घेऊन आली. नकाशा मी आधीही शिकवला होता. पण तालुका, धरण आणि नळ यांचा संबंध विचारण्याची गरज त्यांना त्या दिवशी वाटली.

सुरुवातीच्या तासांना ओळखीचा एक खेळ उपयोगी पडला. पूर्वी जगभरातल्या शाळा ‘मिस्ट्री स्काइप’ खेळत. फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा उत्तरांच्या प्रश्नांवरून समोरचा वर्ग कोठला हे ओळखायचे. आम्ही तो एका जिल्ह्यापुरता आणला आणि तालुके ओळखायला लावले. स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झाले, खेळ मात्र कोणत्याही अ‍ॅपवर चालतो. शाळांनी एखाद्याच अ‍ॅपच्या प्रशिक्षणावर वेळ घालवू नये, असे मला त्यामुळेच वाटते.

पालकांच्या बाबतीत फायदा स्पष्ट आहे. आमच्याकडे रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या महिला आणि रोज लोकलने फोर्टपर्यंत जाणारे पालक आहेत. पालकसभेची दुपारची वेळ त्यांना कधीच जमत नसे. एक वडील स्टँडवर रिक्षा लावून मागच्या सीटवर बसून बोलले, आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या रिक्षावाल्याला त्यांनी मुलीची चित्रकलेची वहीसुद्धा पडद्यावर दाखवली. मात्र गटात कोणाच्याही मुलाचे गुण काढायचे नाहीत, हे कटाक्षाने पाळावे. सूचना गटात, मुलाविषयीचे बोलणे स्वतंत्र कॉलवर. यासाठी व्हॉट्सअ‍ॅप पुरते, कारण ते सर्वांना येते. त्याच्या गट व्हिडिओ कॉलवर ३२ जण बसतात.

शंकानिरसनाच्या तासिकांनी निराशा केली. बहुतेक मुलांचे कॅमेरे बंद, एका घरात दोन भावंडांना मिळून एक फोन, आणि ‘समजलं का?’ या प्रश्नाला मिळणारे ठरावीक ‘हो बाई’. वर्गात चेहरा पाहूनच कोणाचे गाडे कोठे अडले ते कळते. इथे पडद्यावर नुसती आद्याक्षरे दिसतात. अपूर्णांकांचे एक उदाहरण समजावायला जो वेळ गेला, तेवढ्यात मधल्या सुट्टीत चार मुलांची अडचण सुटली असती. पुढच्या वर्षी या तासिका आम्ही बंद करणार आहोत.

वेळेच्या मर्यादांचे म्हणाल तर झूमच्या विनामूल्य खात्यावर बैठक ४० मिनिटांत संपते, तर गूगल मीटच्या वैयक्तिक विनामूल्य खात्यावर तिघे किंवा अधिक असतील तर ६० मिनिटांत. आम्हाला ही अडचण वाटली नाही. ऑनलाइन शिक्षणासाठीच्या केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांनी जुलै २०२० मध्ये पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे सुचवली होती, आणि माझ्या अनुभवात जोडतास अर्ध्या तासापुढे गेला की मागची बाके चुळबुळ करू लागतात. खरी अडचण पलीकडच्या विजेची आहे. पावसाळ्यात तिकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून दोन्ही वर्गांचे प्रश्न आदल्या दिवशीच एकमेकांना पाठवून ठेवतो. कॉल तुटलाच तर उत्तरे ध्वनिमुद्रित संदेशाने येतात.

मुलांचे चेहरे पडद्यावर जाणार असल्याने दोन्ही शाळांनी वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांची लेखी संमती घेतली. जोडतासाचे रेकॉर्डिंग आम्ही करत नाही आणि त्याची छायाचित्रे शाळेच्या गटावरही टाकत नाही. काही पालकांनी आग्रह धरला, तेव्हा मुख्याध्यापकांनी त्यांना एखाद्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसण्याचे निमंत्रण दिले, आणि दोघे खरोखरच आले.