टोटोरोचं पुस्तक मागवताय? आधी आमच्या बाबतीत काय झालं ते वाचा

सांगली, मिरज, कुपवाड भागातल्या ज्या मुलांनी किंवा पालकांनी 'माय नेबर टोटोरो' या जपानी ॲनिमेशनपटाचं आर्टबुक, म्हणजे त्यातल्या चित्रांचं पुस्तक, नाहीतर टोटोरोचं सॉफ्ट टॉय कुणा चाहत्याच्या शिफारशीवरून मागवलं असेल, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं. आमचे पैसे घेऊन गायब झालेला माणूस नाव आणि नंबर बदलून हाच उद्योग पुन्हा करू शकतो. त्याने सगळा जम पद्धतशीर बसवलेला होता.

मी विश्रामबागला चित्रकलेचे क्लास घेते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसणारी मुलं येतात. निसर्गचित्र म्हटलं की झाड म्हणजे हिरवा गोळा आणि आभाळ म्हणजे निळा पट्टा, ही सवय मोडायला मी त्यांना हा चित्रपट दाखवते. 1988 साली आलेला, हायाओ मियाझाकींचा. त्याचे कलादिग्दर्शक काझुओ ओगा. त्यातली पार्श्वचित्रं पोस्टर कलरमध्ये रंगवलेली आहेत, म्हणजे आमची मुलं दप्तरातून घेऊन येतात तोच रंगाचा प्रकार. भाताची खाचरं, बांधावरचं गवत, कापराच्या त्या अवाढव्य झाडाखालची सावली. ते बघून आलेला हरिपूरचा एक मुलगा दुसऱ्याच दिवशी नदीकाठचा ऊस रंगवून घेऊन आला, आणि त्यातल्या सावल्या हिरव्या नव्हत्या, जांभळ्या होत्या. तेव्हापासून ती चित्रं छापील स्वरूपात वर्गात असावीत असं मला मनापासून वाटत होतं.

सांगली-मिरजेत या चित्रपटांचं वेड असलेली बरीच कॉलेजची मुलं आहेत. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मला एका विद्यार्थिनीने घेतलं. तिथे सगळे ज्याला 'दादा' म्हणायचे असा एक जण होता. कुणी विचारलं, माझा भाऊ पहिलीत आहे, त्याला काय देऊ? हा सांगायचा, 2005 साली इंग्रजीत आलेलं पिक्चर बुक दे. मोठ्या मुलीसाठी? त्सुगिको कुबो यांनी लिहिलेली टोटोरोची कादंबरी, चित्रं खुद्द मियाझाकींची, इंग्रजी भाषांतर 2013 सालचं, प्रकाशक विझ मीडिया. चित्र शिकणाऱ्याला? त्याच प्रकाशकाचं आर्टबुक. सॉफ्ट टॉय घ्यायचं तर सन ॲरो या जपानी कंपनीचं घे, टॅग बघून घे, असंही तो बजावायचा. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी स्वतः एकेक गोष्ट पडताळून पाहिली होती. माझ्या मते या सगळ्या प्रकारात सर्वांत धोकादायक भाग हाच. माणसाची माहिती खरी आहे, यावरून त्याचा व्यवहारही खरा असेल असं कुणीही धरून चालतं, आणि फसवणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

आधी त्याने पोस्टकार्ड आणि स्टिकर मागवून दिले. किरकोळ रक्कम, वेळेत पोहोचले, माल चांगला. मग ग्रुपमध्ये इतरांचे फोटो येऊ लागले: आर्टबुक मिळालं, दादा बेस्ट आहे, डोळे झाकून मागवा. हे फोटो मी नंतर एकापुढे एक ठेवून पाहिले. पुणे, नाशिक आणि बेळगाव अशा तीन गावच्या तीन 'चाहत्यां'नी पुस्तक ठेवलेली चादर एकच होती. निळ्या फुलांची, आणि काठाजवळ इस्त्रीचा तपकिरी डाग. शिफारस करणारे तिघेही तोच होता, नाहीतर त्याचेच साथीदार.

त्यानंतर 'ग्रुप ऑर्डर' निघाली. आर्टबुक आणि मधल्या आकाराचा टोटोरो, दोन्ही थेट जपानहून, माणशी 3,800 रुपये, पूर्ण रक्कम आगाऊ यूपीआयवर, यादी आज रात्री बंद. माझ्या क्लासमधल्या मुलांच्या घरूनही पैसे गेले. नववीतल्या एका मुलीने दिवाळीला भावांनी घातलेली ओवाळणी त्यात भरली. हे लिहितानाही मला संताप येतो.

ट्रॅकिंग नंबर आला आणि पाठोपाठ 'कस्टम'चं पत्र. वर अशोकस्तंभ, खाली शिक्का, आणि माणशी 1,450 रुपये तातडीने भरा, नाहीतर पार्सल जप्त होईल, असा मजकूर. पैसे भरायचा क्यूआर कोड मात्र एका खासगी व्यक्तीच्या नावाचा. काही पालकांनी घाबरून भरले. मिरजेच्या एका पालकांचा मला फोन आला, "मॅडम, कस्टम म्हणजे सरकारी काम, पुढे काही लचांड नको म्हणून भरून टाकले." माणसाला असंच वाटावं म्हणून तर ते पत्र तसं बनवलेलं होतं.

म्हणून इथे जरा सविस्तर सांगते. परदेशातून पोस्टाने पार्सल आलं आणि त्यावर ड्यूटी लागली तर ती पोस्टमन पार्सल देताना घेतो, पावती देऊन. कुरिअरने आलं तर कुरिअर कंपनी तिच्या बिलावर घेते. कुणाच्या खासगी यूपीआयवर कस्टमची ड्यूटी भरली जात नाही. 2019 च्या नोव्हेंबरपासून कस्टमच्या पत्रव्यवहारावर डिन नावाचा क्रमांक घालायची पद्धत आहे आणि तो सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टम ज्याच्या हाताखाली येतं त्या केंद्रीय मंडळाच्या, संकेतस्थळावर टाकून पत्र खरं की खोटं ते बघता येतं. आमच्या पत्रावर असा कुठलाच क्रमांक नव्हता. ट्रॅकिंग नंबरही तसाच बोलका होता. आंतरराष्ट्रीय टपालाचा नंबर 13 अक्षरांचा असतो, सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी ज्या देशातून पार्सल निघालं त्याची दोन अक्षरं. जपानहून निघालेल्या पार्सलला शेवटी 'जेपी' हवं. आम्हाला दिलेल्या नंबरच्या शेवटी 'आयएन' होतं. पोस्टाच्या साइटवर टाकल्यावर ते उत्तरेकडच्या एका शहरात बुक झालेलं साधं स्पीड पोस्ट निघालं. जपानचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

काहींना पुस्तक आलं, बाकीच्यांना काहीच नाही. टोटोरो कुणालाच मिळाला नाही. मला आलेलं पुस्तक दिसायला जाडजूड, कव्हर चकचकीत. ते घेऊन मी गावभागातल्या एका जुन्या छापखान्यात गेले. तिथल्या काकांनी भिंग लावलं, दोन पानं उलटली आणि म्हणाले, "हे ओरिजनल न्हवं, मॅडम. छापलेल्यावरनं छापलंय." भिंगातून मला दाखवलं. मूळ छपाईचे ठिपके स्कॅनमध्ये आलेले, त्यावर नव्या छपाईचे ठिपके चढलेले, आणि दोन्ही मिळून आभाळात चौकटी-चौकटींची जाळी उमटलेली. दोन पानांवर पसरलेलं झाड बाइंडिंगमध्ये गिळलेलं. पानं शिवलेली नाहीत, नुसती गोंदाने चिकटवलेली. आणि एका पानाच्या खालच्या कोपऱ्यात स्कॅन करताना धरलेल्या कुणाच्या तरी अंगठ्याचा अर्धा भाग छापला गेला होता, नखासकट. मागच्या कव्हरवरचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, शोधला तर तो भलत्याच पुस्तकाचा निघाला.

ज्या जांभळ्या-निळ्या सावल्यांसाठी मला ते पुस्तक हवं होतं, त्या सगळ्या राखाडी झाल्या होत्या. मुलांपुढे ठेवावं असं एकही पान त्यात नाही.

विचारणा सुरू झाली तसे आधी प्रश्न विचारणारे ग्रुपमधून काढले गेले, मग ग्रुपच बंद झाला. त्यानंतर एका वेगळ्या नंबरवरून 'रिफंड'चे फोन सुरू झाले: कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे परत येतील. यूपीआयवर पैसे येताना पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समजायचं, खात्यातून पैसे जाणार आहेत. सुदैवाने या खेपेला कुणी बळी पडलं नाही.

आम्ही 1930 वर फोन केला, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि सायबर पोलिसांकडे लेखी अर्ज दिला. फोन करताना प्रत्येक व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर नंबर हाताशी ठेवा, पहिल्यांदा तोच विचारतात. ज्यांनी कस्टमचे पैसे नुकतेच भरले होते त्यांची रक्कम समोरच्या खात्यात गोठवली गेली. ज्यांचे पैसे आधीच पुढे फिरवले होते, त्यांच्या हाती अजून काही नाही. म्हणून 1930 ला फोन त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात करा. रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 प्रमाणे हा फसवणुकीचा गुन्हा आहे, आणि दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 डी लागतं. तक्रारी जितक्या जास्त, तितकं ते खातं कुणाचं हे शोधणं पोलिसांना सोपं जातं. ग्रुप बंद झाला तरी आपल्या फोनमधले चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. नकली पुस्तकही फेकू नका, तो पुरावा आहे.

मुलांना रागावू नका, ही माझी पालकांना कळकळीची विनंती आहे. ओवाळणीचे पैसे घालणारी ती मुलगी महिनाभर क्लासला आली नाही, कारण घरी रोज तिलाच ऐकून घ्यावं लागत होतं. चोरी दुसऱ्याने केली. तिने एका चांगल्या चित्रपटावर प्रेम केलं आणि चांगलं पुस्तक मागितलं. त्यात तिचं काय चुकलं?

पुस्तकं मात्र खरी आहेत आणि सरळ मार्गाने मिळतात. विझ मीडियाची पुस्तकं भारतात सायमन अँड शुस्टर इंडियामार्फत येतात. प्रकाशकाच्या साइटवरून आयएसबीएन उतरवून घ्या आणि आपल्या नेहमीच्या पुस्तकविक्रेत्याला द्या, तो मागवून देतो. वेळ लागतो, पण पक्कं बिल मिळतं आणि पुस्तक हातात घेऊन, उघडून बघून मग पैसे देता येतात. कुबोंची कादंबरी मी अशीच मागवली, ती आता क्लासच्या कपाटात आहे. आर्टबुकची ऑर्डर दिली आहे. त्या माणसाकडून ज्यांची फसवणूक झाली आहे आणि ज्यांनी अजून तक्रार केलेली नाही, त्यांनी संध्याकाळी क्लासच्या वेळेत येऊन मला भेटावं. अर्ज कसा लिहायचा, कुठले कागद जोडायचे, ते मी बसून करून देईन.