लेखावर नाव कोणते घालावे? पूर्ण नाव, आद्याक्षरे, टोपणनाव आणि संस्थेचे नाव

नवी वेबसाइट उभी करताना रंग, फॉन्ट आणि मांडणी यांवर पुष्कळ वेळ जातो. लेखकाच्या नावाचा रकाना मात्र जसा आला तसाच राहतो. मग मेहनतीने लिहिलेल्या लेखावर ‘ॲडमिन’ असे झळकते, नाहीतर लॉगिनसाठी घाईत ठरवलेले, मागे आकडे लावलेले एखादे नाव. हे कोणी लिहिले आणि त्या माणसाला या विषयातले काय कळते, असे विचारण्याचा वाचकाला हक्क आहे. आरोग्य, कायदा किंवा पैसा यांविषयी लिहिणाऱ्याला तर हा प्रश्न टाळता येत नाही.

निवड करण्याआधी एवढेच पाहा, की हे नाव पुढे कोण शोधणार आहे. काम देऊ पाहणारा ग्राहक, संदर्भ देणारा अभ्यासक, लेख मागणारा संपादक, की आवडला म्हणून तुमचा पुढचा लेख हुडकणारा वाचक? यांतल्या प्रत्येकाच्या हाती तुमच्या नावाखेरीज दुसरा धागा नसतो. खालची सगळी तुलना मी याच कसोटीवर केली आहे.

पूर्ण नाव की आद्याक्षरे

व्यावसायिक लेखनासाठी माझा कौल नाव आणि आडनाव या जोडीला आहे. ते बोलता येते, लक्षात राहते, परिचयपत्रावर आणि करारावरही तेच असते. कोणी तुमचे भाषण ऐकले आणि घरी जाऊन शोधले, तर लेख सापडतो. उणीव एकच: नाव आणि आडनाव दोन्ही फार प्रचलित असतील, तर तुमच्याच नावाची इतर माणसे भेटतात. तेव्हा मधले नाव किंवा त्याचे आद्याक्षर जोडावे, पण मग ते कायम जोडावे. एका लेखावर तिन्ही नावे, दुसऱ्यावर दोनच, तिसऱ्यावर आद्याक्षरे असे झाले, की शोधणाऱ्याच्या लेखी तीन वेगळे लेखक तयार होतात.

आद्याक्षरे आणि आडनाव ही पद्धत मराठीत जुनी आणि प्रतिष्ठेची आहे. ती छोटी दिसते, आणि स्त्री की पुरुष हे तिच्यातून लगेच कळत नाही. तेवढ्याच कारणासाठी ती निवडणारे लोक आहेत, आणि ते कारण पुरेसे आहे. पण शोधाच्या बाबतीत ती कमी पडते. एकाच आडनावाखाली तीच दोन अक्षरे असलेली कितीतरी माणसे असतात. शिवाय कोणी टिंबानंतर जागा सोडतो, कोणी सोडत नाही, कोणी टिंबच देत नाही. आद्याक्षरांनीच तुमची आधीपासून ओळख असेल तर ती मोडू नका. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मात्र पूर्ण नाव घ्यावे.

नुसते पहिले नाव आपुलकीचे वाटते, पण व्यावसायिक लेखनात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे.

आडनाव बदलण्याची शक्यता असेल तर निर्णय आजच घ्या: लेखनाचे नाव तेच ठेवायचे, की बदलायचे? दोन्ही चालते. संशोधनपर लेखन करणाऱ्यांना इथे ‘ऑर्सिड’चा मोठा आधार आहे. २०१२पासून सुरू असलेल्या या व्यवस्थेत लेखकाला १६ स्थानांचा ओळखक्रमांक मिळतो आणि त्याच्या नोंदीत आपली इतर नावेही देता येतात. नाव बदलले तरी क्रमांक तोच राहतो, म्हणून आधीचे काम तुटत नाही.

टोपणनाव

याबद्दल घाईने मत देऊ नये, कारण टोपणनाव घेण्यामागे फार खरी कारणे असतात. नोकरीच्या अटी, घरच्यांचा विरोध, जिवाची भीती, किंवा दोन प्रकारचे लेखन वेगळे ठेवण्याची इच्छा. राम गणेश गडकरी नाटके स्वतःच्या नावाने लिहीत, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेखन ‘बाळकराम’ या नावाने. तीन नावांना तीन कामे नेमून दिली होती. वाचकाला नाव पाहूनच कळे, की पुढे काय वाढून ठेवले आहे. तुम्ही दिवसा करविषयक सल्ला देत असाल आणि रात्री भयकथा लिहीत असाल, तर ही विभागणी दोन्ही वाचकांच्या सोयीची आहे.

व्यावसायिक टोपणनावाचे बोलके उदाहरण संख्याशास्त्रात आहे. विल्यम गॉसेट हे गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीत काम करत. कंपनीच्या धोरणामुळे त्यांना स्वतःच्या नावाने संशोधन छापता येत नव्हते, म्हणून १९०८ सालचा त्यांचा प्रसिद्ध शोधनिबंध ‘स्टुडंट’ या नावाने आला. त्यात मांडलेली संख्याशास्त्रीय चाचणी आज जगभर शिकवली जाते आणि अजूनही ‘स्टुडंटची टी चाचणी’ म्हणूनच ओळखली जाते. टोपणनावाने काम टिकते, पण श्रेय टोपणनावाकडेच जाते. पुढे ते स्वतःकडे वळवायची इच्छा असेल, तर टोपणनाव घेऊ नका.

कायद्याची बाजूही पाहा. १८८६च्या बर्न करारानुसार लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर किमान ५० वर्षे कॉपीराइट राहतो. टोपणनावाने आलेल्या आणि खरा लेखक अज्ञात असलेल्या साहित्याची मुदत मात्र ते लोकांसमोर आल्यापासून ५० वर्षे मोजली जाते. टोपणनावामागे कोण आहे हे निर्विवाद असेल, किंवा लेखकाने त्या मुदतीत ओळख उघड केली, तर नेहमीची मुदत लागू होते. अनेक देशांनी यापेक्षा जास्त वर्षे दिली आहेत, तेव्हा आपल्या देशाचा कायदा वाचून घ्यावा.

ओळख खरोखरच लपवायची असेल, तर नाव बदलणे ही केवळ सुरुवात आहे. डोमेनच्या नोंदणीतले नाव, फोटोच्या फाइलमध्ये दडलेली माहिती, संपर्काचा ईमेल यांपैकी काहीही तुम्हाला उघडे पाडू शकते. वेबसाइट चालवण्याच्या ‘वर्डप्रेस’ या प्रणालीत लेखकाचे छायाचित्र सहसा ‘ग्रॅव्हॅटार’ या छायाचित्र-सेवेकडून येते आणि ते ईमेलच्या पत्त्याशी जोडलेले असते. नेहमीचाच ईमेल टोपणनावाच्या खात्याला दिला, तर त्या नावाशेजारी तुमचा हसरा चेहरा उमटू शकतो.

संस्थेचे किंवा चमूचे नाव

‘द इकॉनॉमिस्ट’ या ब्रिटिश साप्ताहिकाचे बहुतेक लेख आजही लेखकाच्या नावाशिवाय छापले जातात. तिथे विश्वास साप्ताहिकावर असतो आणि तो कमावायला फार मोठा काळ लागला आहे. नव्या वेबसाइटकडे ती पुण्याई नसते. घोषणा, नियमावली, किंमतपत्रक अशा मजकुराला संस्थेचे नाव योग्य. मत, सल्ला किंवा अनुभव असेल, तर माणसाचे नाव द्या.

पदवी नावात की परिचयात

डॉक्टर, वकील, सल्लागार असे शब्द नावाच्याच रकान्यात घालण्याचा मोह अनेकांना होतो. वाचकासमोर ‘डॉ.’ दिसणे गैर नाही, विशेषतः विषय वैद्यकाचा असेल तर. पण नावामागे तीन पदव्या आणि पदनामाची शेपटी नको. शोधयंत्रांसाठी लेखाची माहिती मांडण्याच्या गूगलच्या सूचनाही हेच सांगतात, की लेखकाच्या नावाच्या जागी फक्त नाव असावे. पदनाम, संस्थेचे नाव किंवा ‘यांनी लिहिले’ असे शब्द तिथे नकोत. पदवीला परिचयाच्या चार ओळींत भरपूर जागा आहे, आणि तिथे ती कुठून, कशात मिळवली हेही सांगता येते.

लॉगिनचे नाव आणि दिसणारे नाव

ही दोन वेगळी नावे आहेत, हे अनेकांना ठाऊकच नसते. वर्डप्रेसमध्ये नवे खाते उघडून नावाचे रकाने रिकामे ठेवले, तर लॉगिनचेच नाव लेखांवर दिसू लागते. यूजर्सखालच्या प्रोफाइलमध्ये नाव, आडनाव आणि निकनेम भरले, की ‘डिस्प्ले नेम पब्लिकली ॲज’ या यादीत त्यांच्या जोड्या दिसतात. हवी ती निवडून खाली जाऊन बदल जतन करावा. लेखाशी खात्याचा क्रमांक जोडलेला असतो, म्हणून त्या खात्याच्या जुन्या लेखांवरही नवे नाव आपोआप येते.

पण लेखकाच्या पानाचा पत्ता बदलत नाही. तो खाते उघडताना लॉगिनच्या नावावरून बनलेला असतो, म्हणजे वर सुंदर नाव आणि ॲड्रेस बारमध्ये तेच जुने लॉगिन. टोपणनाव घेणाऱ्याचे खरे नाव इथूनही फुटू शकते आणि साइटमध्ये शिरू पाहणाऱ्याला अर्धी किल्ली मिळते. लॉगिनचे नाव प्रोफाइलमधून बदलता येत नाही. सरळ उपाय म्हणजे दुसऱ्या ईमेलवर योग्य नावाचे नवे खाते उघडून त्याला तेवढेच अधिकार द्यावेत, त्यातून प्रवेश करावा आणि जुने खाते काढून टाकताना सगळे लेखन नव्या खात्याच्या नावे करावे. तो पर्याय त्याच वेळी समोर येतो. तिथे घाईने लेखन पुसण्याचा पर्याय निवडू नका.

देवनागरी की रोमन

मराठीत लिहिणाऱ्याचे नाव मराठी पानावर देवनागरीतच शोभते. पानाचा पत्ता मात्र रोमन ठेवावा, कारण पत्ता कॉपी करून पाठवला, की देवनागरीतले प्रत्येक चिन्ह बहुधा ९ रोमन चिन्हांत फुटते आणि चार अक्षरी नावाचीही लांबलचक माळ होते. नावाचे रोमन स्पेलिंग एकच ठरवा आणि परिचयात ते एकदा लिहा, म्हणजे दोन्ही लिपींतून शोधणारा तुमच्यापर्यंत पोहोचेल. नावात ‘ॲ’ असेल तर जास्त जपा. हे अक्षर संगणकावर दोन प्रकारे टाइप होते: एक सबंध चिन्ह म्हणून, आणि दुसरे ‘अ’वर चंद्र ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण साध्या शोधात एक टाइप केले तर दुसरे सापडेलच असे नाही. म्हणून नाव एकदा नीट टाइप करून जपून ठेवावे आणि प्रत्येक ठिकाणी तेच चिकटवावे.