हाय-लँडरला व्ही-क्रॉसचा भाव, दोन इंचांना तीनचं बिल

सेकंडहँड इसुझू डी-मॅक्स पिकअप घेताना लोक दोन ठिकाणी फसतात. आधी व्हेरिएंटमध्ये (हाय-लँडर स्वस्त, व्ही-क्रॉस महाग), मग गाडी उंच करून घेण्यात.

हाय-लँडर आणि व्ही-क्रॉसचं इंजिन एकच, १.९ लिटर, १६३ पीएसचं. बाहेरून दोघं भाऊच. पण हाय-लँडर नुसत्या मागच्या चाकांवर चालतो आणि कंपनीतून १६ इंची लोखंडी रिमवर येतो. विकणारा त्यावर १८ इंची अलॉय चढवतो, हौद्याच्या फळीला 'फोर-बाय-फोर' (चारही चाकांना ताकद) चिकटवतो आणि त्याचे पैसे लावतो. नाव व्ही-क्रॉस असलं तरी खात्री धरू नका, त्यातही टू-व्हील ड्राइव्ह ऑटोमॅटिक आली आहे.

२एच, ४एच, ४एल (दोन चाकं, चार चाकं, चार चाकं कमी गिअरमध्ये) असा गोल नॉब शोधा, पण नॉबवर विश्वास टाकू नका. गाडी रॅम्पवर घ्यायला लावा. गिअरबॉक्सला जोडलेली ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांकडे ताकद वळवणारी पेटी), तिथून पुढे गेलेला प्रोपेलर शाफ्ट आणि पुढच्या डिफरन्शियलमधून दोन्ही चाकांकडे जाणारे, रबरी बूट चढवलेले एक्सल दिसले पाहिजेत. यातलं काहीच नसेल, तर तो नॉब शोभेचा आहे. आरसी आणि चासी नंबर अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवून मूळ व्हेरिएंट विचारा.

लिफ्टमधली, म्हणजे गाडी उंच करण्यातली लबाडी याहून वाईट, कारण ती जिवावर बेतते. 'तीन इंची सस्पेन्शन किट' म्हणून नव्या स्प्रिंगा, शॉकअप आणि वरच्या आर्मचे पैसे घेतात. बसवतात काय, तर पुढे शॉकअपच्या माथ्यावर अ‍ॅल्युमिनियमचा स्पेसर आणि मागे कमानपाटा व एक्सलच्या मध्ये ठोकळा. शॉकअप जुनेच, वरून रंग मारलेले. नटाच्या आट्यांत रंग भरलेला आणि आतल्या रॉडला गंज दिसला, की समजा.

उरलेली उंची टायरमधून काढतात. २५५/६० आर१८ च्या जागी २६५/६५ आर१८ घातला, की व्यास साधारण ३८ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे गाडी १९ मिलिमीटर उचलली जाते. पाऊण इंच! म्हणून जमिनीपासून मोजू नका. कामाआधी आणि नंतर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंत, चारही चाकांना टेप लावा. या टायरने स्पीडोमीटरही सुमारे ५ टक्के कमी दाखवू लागतो.

नुसत्या स्पेसरवर जास्त उचललं, की पुढच्या एक्सलचा कोन वाढून बूट फाटतात, ग्रीस उडून जातं आणि वळताना कटकट आवाज येतो. ब्रेकची होज आणि एबीएसची वायर ताणली जाते. मागे ठोकळ्यावर ठोकळा रचला असेल, तर ती गाडी चालवूच नका, ब्रेक मारताना एक्सल पिळतो. एक्सल कमानपाट्याला आवळणारे यू-बोल्ट नवे आणि लांब हवेत, आटे नटाबाहेर आलेले. ५०० किलोमीटरनंतर ते पुन्हा टॉर्क रेंचने आवळून घ्या.

'किट आरटीओ पास आहे' हे तर सरळ खोटं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाहीत. कलम १८२अ नुसार मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विम्याचा दावाही यावरून अडतो. गॅरेजवाला तेव्हा सही करायला येत नाही.

तरीही करणार असाल, तर बिलावर प्रत्येक भागाचं नाव आणि नंबर मागा, काढलेले जुने शॉकअप ताब्यात घ्या, आणि अलाइनमेंटची छापील चिठ्ठी हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. चिठ्ठीत चाकांचे तिन्ही कोन, टो बरोबरच कॅम्बर आणि कॅस्टरही, कंपनीच्या मर्यादेत बसले पाहिजेत.