इतवारीतलं टंच केंद्र आणि आर्चबिशपचं नाणं

नागपुरात इतवारीच्या सराफा ओळीत पहिल्या मजल्यावर एक टंच केंद्र आहे, म्हणजे सोन्याचांदीची शुद्धता तपासून देणारं दुकान. गेल्या शनिवारी तिथे मी आर्चबिशप गाउते इवारसन यांचं ‘ह्विद’ नावाचं जुनं नाणं घेऊन गेलो. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या गादीवर ते 1475 ते 1510 पर्यंत होते. नॉर्वेत राजाखेरीज ट्रॉनहाइमचे आर्चबिशपही स्वतःच्या नावाने नाणी पाडत. 1537 मध्ये शेवटचे आर्चबिशप ओलाव एंगेलब्रेक्टसन देश सोडून गेले आणि टांकसाळ बंद पडली. तिचे अवशेष आज तिथल्या आर्चबिशपवाड्यात जागच्या जागी बघायला मिळतात. हे नाणं भाच्याने जर्मनीतल्या लिलावातून घेऊन दिलं. वजन एक ग्रॅमही नाही.

आधी शेजारच्या एका दुकानात शिरलो होतो. नाणं नीट बघायच्या आत त्या माणसाने ॲसिडची वाटी पुढे ओढली, म्हणे ‘चकाचक करून देतो’. मी अक्षरशः हिसकावून घेतलं. पाचशे वर्षांचा काळसरपणा मिनिटात गेला असता.

टंचवाल्या काकांनी मात्र आधी हात पुसले, नाणं कडेने धरलं आणि कसोटीचा दगड बाजूला सारला. ‘घासायचं नाई जी, ओरखडा पडेल.’ मशीनवर चांदी निम्म्याहून जास्त आली. मी खूश! पण काकांनी भिंग लावून कडेचा गेलेला टवका शोधला आणि तिथे पुन्हा मोजलं. आकडा निम्म्याखाली उतरला.

‘सर, मशीन फक्त वरची कातडी वाचते. आत तांबं आहे.’

ह्विद म्हणजे पांढरं. तांबं मिसळलेल्या चकत्या ठसा मारण्याआधी आम्लात उकळायच्या, की वरचं तांबं विरघळतं आणि चांदीचा पांढरा थर उरतो. काकांनी ट्रॉनहाइमचं नावही ऐकलेलं नव्हतं, पण ही युक्ती त्यांनी टवक्यावरून ओळखली. पहिलाच आकडा लिहून देऊन शंभर रुपये घेतले असते, तरी मला कळलं नसतं.

तक्रार एकच. चिठ्ठीवर नुसतं ‘जुना सिक्का’ लिहितात. वजन आणि दोन्ही आकडे मला मागून लिहून घ्यावे लागले. जिना अरुंद आहे, आणि लग्नसराईत संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. दुपारी दोनच्या सुमारास जा, काका निवांत असतात.