गोळी, पंप, सुई की इम्प्लांट?

प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर तपासणीला गेलं की डॉक्टर पीएसए (रोग परतला का ते सांगणारी रक्ततपासणी) बघतात, लघवीच्या गळतीसाठी दिवसाला किती पॅड लागतात ते विचारतात आणि मग म्हणतात, ‘बाकी काही?’ त्या ‘बाकी’त जे येतं, म्हणजे लिंगाला ताठरता न येणं, ते तोंडातून बाहेर काढायला मला आठ महिने लागले. तोवर मेडिकलमधून गोळी आणून, दोनदा फुकट घालवून, ‘आपलं आता संपलं’ असा निकालही मी स्वतःच देऊन टाकला होता. पर्याय चार आहेत हे नंतर कळलं. पण त्यांतला कुठला घ्यायचा, हे तुमचं नेमकं काय गेलंय त्यावर ठरतं.

ताठरता आणणाऱ्या नसा प्रोस्टेटला दोन्ही बाजूंनी चिकटून जातात. १९८२ साली अमेरिकेत पॅट्रिक वॉल्श या सर्जननी त्या नसा जाणीवपूर्वक वाचवून ऑपरेशन केलं आणि तिथून ही पद्धत रुळली. तरी वाचवलेल्या नसाही ओढाताणीत बधिर होतात. त्यांना जाग यायला दीड-दोन वर्षं लागू शकतात. गाठ नसांपर्यंत पोचली असेल तर त्या काढाव्याच लागतात. प्रोस्टेट आणि वीर्यकोश दोन्ही निघाल्यामुळे वीर्य मात्र सगळ्यांचंच थांबतं. परमसुखाचा क्षण येतो, पण कोरडा. रेडिएशनचं उलटं असतं. सुरुवातीला फारसं बिघडलेलं वाटत नाही, मग काही वर्षांत हळूहळू ओसरत जातं. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन दाबणाऱ्या, म्हणजे ‘हार्मोनच्या’ इंजेक्शनांत (किंवा वृषण काढल्यावर) इच्छाच विझते. तिथे गोळी एकटी काय करणार? गोळी रक्त आणते, ओढ आणत नाही.

आकडे हवे असतील तर या कर्करोगाच्या उपचारांची तुलना करणाऱ्या ब्रिटनच्या ‘प्रोटेक्ट’ अभ्यासाचे घ्या. उपचारांआधी संबंधाला पुरेशी ताठरता ६७ टक्के पुरुषांत होती. सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांत ती १२ टक्क्यांवर आली, रेडिएशनवाल्यांत २२ वर (त्यांना सुरुवातीचे काही महिने हार्मोनचं औषधही होतं) आणि नुसत्या देखरेखीखाली असलेल्यांत ५२ वर. सहा वर्षांनी हेच आकडे १७, २७ आणि ३० झाले. देखरेखवाल्यांपैकी बऱ्याच जणांनी मधल्या काळात उपचार घेतले, आणि वयानेही आपला वाटा घेतलाच.

आता गोळी. सगळे इथूनच सुरू करतात, आणि नसा वाचल्या असतील तर ते बरोबरच आहे. सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) रिकाम्या पोटी, तासभर आधी घ्यायची. असर चार-पाच तास. मी ती श्रीखंड-पुरी चापून घेतली होती, म्हणून दोन्ही वेळा वाया गेली! टाडालाफिलला जेवणाचं बंधन नाही आणि असर ३६ तासांपर्यंत राहतो, म्हणजे घड्याळाकडे बघत पलंगावर बसावं लागत नाही. माझं मत टाडालाफिलच्या बाजूने. दोन्ही बाजूंच्या नसा काढल्या असतील तर मात्र गोळीवर भिस्त ठेवू नका. आणि हृदयासाठी नायट्रेट, म्हणजे जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट वगैरे, घेत असाल तर या गोळ्यांना हातही लावायचा नाही. रक्तदाब एकदम कोसळतो. म्हणून मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने नव्हे, डॉक्टरांना विचारूनच घ्या.

पंपाला नसांची गरज नसते. प्लास्टिकचं नळकांडं लावून हवा ओढायची, रक्त आत येतं, मग मुळाशी रबरी रिंग सरकवायची. रिंग अर्ध्या तासाच्या वर ठेवायची नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी विचारायचं. पंप घेताना जास्त ओढ बसू न देणारी झडप आहे ना, ते बघा. खर्च एकदाच. तोटेही आहेत: लिंग थंड लागतं, जरा निळसर दिसतं आणि मुळाशी डुगडुगतं. पण ऑपरेशननंतर त्या क्षणी लघवीचे थेंब सुटतात, ती लाज बऱ्याच जणांना असते. रिंगेने तेही पुष्कळ अडतं.

सुईचं नाव काढलं की पुरुष पाय जवळ घेतात. १९८३ साली लास वेगासला मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत जाइल्स ब्रिंडली या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हॉटेलच्या खोलीतच स्वतःच्या लिंगात इंजेक्शन घेतलं आणि व्याख्यान देतादेता पँट उतरवून परिणाम दाखवला. सभागृहाचं काय झालं असेल ते तुम्हीच कल्पना करा. उपाय मात्र टिकला. इन्सुलिनसारख्या बारीक सुईने लिंगाच्या बाजूला औषध टोचायचं, पाच-दहा मिनिटांत काम होतं, नसा नसल्या तरी. पहिला डोस दवाखान्यातच ठरवून, शिकून घ्यायचा. ताठरता चार तासांच्या वर राहिली तर रात्र असो की दिवाळी, इमर्जन्सी गाठायची. वाट बघण्यात लिंगाचं कायमचं नुकसान होतं. ज्यांना इन्सुलिन टोचायची सवय आहे, ते हा पर्याय लवकर पचवतात.

इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून लिंगाच्या आत बसवायचा आधार, हा परत न फिरणारा रस्ता. एक प्रकार वाकवता येणाऱ्या कांड्यांचा, मुंबईचे डॉ. रूपिन शाह यांच्या नावाचा देशी इम्प्लांट या जातीचा, परदेशी फुगवण्याच्या प्रकारापेक्षा पुष्कळ स्वस्त. फुगवण्याच्या प्रकारात पाण्याची पिशवी पोटात आणि छोटा पंप अंडकोशात असतो. संवेदना पूर्वी होती तेवढीच राहते, लांबी वाढत नाही, आणि पुढे नैसर्गिक ताठरतेची आशा सोडावी लागते. जंतुसंसर्ग झाला तर बहुधा काढावा लागतो. मधुमेह्यांनी आधी साखर ताब्यात आणावी. ऑपरेशनला वर्षही झालं नसेल आणि नसा वाचवलेल्या असतील, तर कोणी घाई केली तरी थांबा.

या चौघांच्या बाहेरचं एक, जे मला सगळ्यांत उशिरा कळलं: ताठरता नसतानाही सुखाचा क्षण येतो. हाताने, तोंडाने, निवांतपणे. आधी लघवीला जाऊन यायचं, खाली टॉवेल टाकायचा. हार्मोन चालू असलेल्यांसाठी तर सध्या हाच खरा रस्ता, कारण उशीवर डोकं टेकून जवळ पडायला टेस्टोस्टेरॉन लागत नाही.

आणि पलंगावर दुसरंही माणूस असतं. पाळी गेल्यानंतर आणि वर्षभराच्या खंडानंतर बाईला कोरडेपणा येतो, दुखतं. मी गोळीचा डोस वाढवायच्या गोष्टी करत होतो, तेव्हा ही म्हणाली, ‘अहो, आधी त्या जेलीची ट्यूब आणा.’ नसा वाचलेल्या, दोन वर्षं झालेली नाहीत, म्हणून आम्ही सध्या टाडालाफिल आणि पंप यांवर आहोत. इम्प्लांटचं दोघांनी समोर बसून ऐकलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘तुम्हाला हवं असेल तर बघा, माझ्यासाठी नको.’ तो कागद फाइलमध्ये आहे. पंप कपाटात, साड्यांच्या मागे. त्याचा फुसफुस आवाज सुरू झाला की अजूनही दोघांनाही हसू येतं.